नगरपालिकेच्या शुल्कांचा फेरआढावा: सल्लागार नेमणाऱ्या नव्या नगरसेवकांसाठी

पाणीपट्टी वाढवायचा विषय निघाला की सभागृहात सगळे एका सुरात नको म्हणतात. न वाढवता हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल कुठून भरायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग कुणीतरी सुचवतं, "एखादा सल्लागार नेमूया." टाळ्या पडतात, ठराव होतो, आणि खरा गोंधळ तिथून पुढे सुरू होतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेत मी एक मुदत नगरसेवक होतो. त्यातला काही काळ स्थायी समितीत गेला. शुल्कांच्या फेरआढाव्यासाठी आम्ही दोनदा सल्लागार नेमला. पहिल्या वेळचा अहवाल जाडजूड होता, इंग्रजीत होता, आणि त्यात आमच्या गावाची तुलना थेट बंगळूरशी केलेली होती. सभागृहात पाऊण तास चर्चा झाली आणि अहवाल कपाटात गेला. पैसे पूर्ण गेले. त्या फर्मची चूक थोडी, आमची जास्त. "दरांचा अभ्यास करून द्यावा" या एका ओळीपलीकडे आम्ही त्यांना काही सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी सहा महिने आधीपासून तयारी केली आणि काम तडीस गेलं. निपाणी, खानापूर, चिक्कोडी, संकेश्वर या भागात पहिल्यांदाच निवडून आलेल्यांना हे सगळं अनुभवातूनच शिकावं लागू नये, म्हणून लिहितो आहे.

आधी भाषेचं सांगतो, कारण आपल्याकडे अडखळायला तिथूनच सुरुवात होते. फाईल कन्नडमध्ये असते. विषयपत्रिकेवर 'दर परिष्करणे' लिहिलं असेल तर ती दरवाढ किंवा दरबदल. 'नडावळी' म्हणजे सभेचं इतिवृत्त. 'तेरिगे' म्हणजे कर, आणि 'शुल्क' म्हणजे शुल्कच. 'आक्षेपणे' म्हणजे हरकत. 'समालोचकरु' म्हणजे सल्लागार. 'आयव्यय' म्हणजे अंदाजपत्रक. एवढे शब्द ओळखीचे झाले की निम्मी फाईल उलगडते. बाकीचं हिशेब विभागातल्या कारकुनाशेजारी बसून वाचून घ्या. त्यात कमीपणा मानू नका. न वाचता सही करणं जास्त महागात पडतं.

१. सल्लागार हवाच आहे का, ते आधी ठरवा

एखाद-दुसरं शुल्क बदलायचं असेल, समजा सभागृहाच्या हॉलचं भाडं किंवा टँकरची फी, तर सल्लागाराची गरज नाही. अकाउंटंट आणि अभियंता एका आठवड्यात हिशेब मांडू शकतात. दर बरीच वर्षं हललेले नाहीत, सेवा अनेक आहेत, आणि एका सेवेचा खर्च दुसरीच्या पैशातून भागतो आहे अशी शंका आहे, तेव्हा बाहेरचा माणूस लागतो.

सल्लागाराकडून नेमकं काय घ्यायचं तेही आधी मनाशी पक्कं करा. प्रत्येक सेवेवर खरा खर्च किती होतो, हे त्याने काढून द्यायचं. त्यातला किती भाग नागरिकाकडून घ्यायचा आणि किती पालिकेने सोसायचा, हे सभागृहाने ठरवायचं. आमच्या पहिल्या प्रयत्नात ही दोन्ही कामं आम्ही सल्लागाराच्या गळ्यात घातली. लोक चिडल्यावर त्याच्याकडे बोट दाखवता येईल, असं काही सदस्यांना वाटत होतं. तसं घडत नाही. लोक मतं आपल्याला देतात, जाबही आपल्यालाच विचारतात.

२. शुल्कांची यादी स्वतः करा

ही पायरी सल्लागारावर सोडू नका. पालिका ज्या ज्या कारणाने नागरिकाकडून पैसे घेते, ते सगळं एका वहीत उतरवा: पाणीपट्टी, नवीन नळजोडणी, भुयारी गटाराची जोडणी, घनकचरा शुल्क, व्यवसाय परवाना, बांधकाम परवाना, रस्ता खोदाई, खाताबदल (मालमत्तेच्या नोंदीतलं नाव बदलणं), बाजारातल्या गाळ्यांचं भाडं, आठवडी बाजाराची फी, जाहिरात फलक, सेप्टिक टाकी उपसणारी गाडी, टँकर, हॉल. आम्ही बसलो तेव्हा अशीही शुल्कं सापडली की जी पावतीपुस्तकात होती, पण ती कुठल्या ठरावाने सुरू झाली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. आज आपल्याकडे लागू असलेला कर्नाटक नगरपालिका कायदा १९६४ चा, म्हणजे त्यानंतरचा. त्यामुळे जुन्या गावांत एखाद्या दराचं मूळ फार मागे जाऊ शकतं. ज्या दराला ठराव किंवा बायलॉचा (पालिकेच्या उपविधीचा) आधार सापडत नाही, त्यावर लाल खूण करा. कोर्टात सर्वात आधी तोच पडेल.

मग यादीचे तीन भाग करा.

पहिला भाग करांचा. घरपट्टी हा कर आहे. त्याची पद्धत राज्याच्या कायद्यातून येते आणि शुल्कांच्या फेरआढाव्यात तिला जागा नाही. दुसरा भाग राज्याने ठरवलेल्या शुल्कांचा. जन्म-मृत्यू दाखल्याची फी राज्याच्या नियमांतून येते, ती पालिका बदलू शकत नाही. तिसरा भाग पालिकेला स्वतःच्या ठरावाने किंवा बायलॉने, गरज असेल तिथे वरची मंजुरी घेऊन, बदलता येतो. सल्लागाराला द्यायचं काम या तिसऱ्या भागातलंच. हे न केल्यास तो घरपट्टीवर चाळीस पानं लिहून देतो आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही.

कर आणि शुल्क यांतला फरक नुसता शब्दांचा नाही. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मांडला: कर सरकारच्या सर्वसाधारण खर्चासाठी असतो, शुल्क मात्र दिलेल्या सेवेच्या बदल्यात असतं. १९८३ सालच्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्सच्या निकालात न्यायालयाने हे थोडं सैल केलं. सेवा आणि शुल्क यांचा पैशापैशाने मेळ बसायला हवा असं नाही, पण ढोबळ संबंध दिसला पाहिजे. आपल्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की व्यापाऱ्यांकडून परवाना फी म्हणून भरमसाठ रक्कम घ्यायची आणि ती भलतीकडेच वापरायची, हे टिकणार नाही. सल्लागाराने काढलेला सेवेचा खर्च हाच पुढे आपला बचाव असतो. म्हणून तो नीट निघाला पाहिजे.

३. कागद गोळा करा

सल्लागार आल्यावर पहिले दोन महिने "माहिती मिळाली नाही" म्हणून पत्रं लिहीत बसतो, हा सगळीकडचा अनुभव. टेंडर काढण्याआधीच हे एका कपाटात ठेवा:

- मागच्या तीन वर्षांची वार्षिक हिशेबपत्रकं आणि लेखापरीक्षण अहवाल
- प्रत्येक सेवेची डीसीबी, म्हणजे मागणी, वसुली आणि थकबाकीची नोंद
- हेस्कॉमची बिलं, आरआर नंबरवार, म्हणजे वीजजोडणीच्या क्रमांकाप्रमाणे (पंपाची वेगळी, पथदिव्यांची वेगळी)
- कायम, कंत्राटी आणि रोजंदारी कर्मचाऱ्यांची यादी, पगारासह, आणि कोण कुठल्या विभागात खरोखर काम करतो त्याची नोंद
- वाहनांची लॉगबुकं, डिझेल आणि दुरुस्तीची बिलं
- नळजोडण्यांची संख्या: घरगुती, व्यापारी, मीटरच्या, बिनमीटरच्या
- चालू दरांचे ठराव, बायलॉ, राजपत्रातल्या अधिसूचना
- मालमत्ता नोंदवही, म्हणजे टाक्या, पंप, वाहनं कधी आणि किती किमतीला घेतली

शेवटची वही बहुतेक पालिकांत अर्धवट असते. २००६ च्या लेखा व अंदाजपत्रक नियमांनंतर दुहेरी नोंद पद्धत आली, पण त्याआधीच्या टाकीची किंमत कुठे सापडायची? अभियंत्याकडून अंदाजे किंमत आणि उरलेलं आयुष्य लिहून घ्या, खाली त्याची सही घ्या. सल्लागाराने मनाने आकडा घालण्यापेक्षा हे बरं.

पगाराच्या यादीबद्दल विशेष सांगतो. कागदावर आरोग्य विभागात असलेला माणूस प्रत्यक्षात टपाल वाटतो, पाणीपुरवठ्यातला वॉल्व्हमन वसुलीला फिरतो. हे दुरुस्त केल्याशिवाय पुढचा सगळा हिशेब खोटा निघतो.

४. कामाची व्याप्ती लिहा

संपूर्ण प्रकरणातलं सर्वात महत्त्वाचं पान हे. कार्यालयात त्याला टीओआर म्हणतात. जिल्ह्यातल्या दुसऱ्या पालिकेचं पान उचलून नाव बदलायचं, असा सोपा मार्ग तुम्हाला सुचवला जाईल. तो घेऊ नका. एका गावाचं पाणी जवळच्या तलावातून उताराने येतं, दुसऱ्याचं नदीवरून उपसून. बेळगाव शहराला राकसकोप जलाशयाचं पाणी येतं आणि हिडकल धरणाचंही, आणि हिडकलचं पाणी लांबून वर चढवावं लागतं. वीज खर्च वेगळा, म्हणून प्रत्येक लिटरचा खर्चही वेगळा. बेळगावच्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आणि मीटर आले. जिथे आजही ठोक पट्टी चालते, तिथल्या टीओआरमध्ये वेगळे प्रश्न लागतात.

आमच्या दुसऱ्या टीओआरमध्ये जे लिहिलं आणि जे उपयोगी पडलं, ते असं.

कुठल्या सेवांचा अभ्यास करायचा, त्यांची नावं एकेक करून लिहा. "इत्यादी" हा शब्द वापरू नका. आम्ही नऊ सेवा निवडल्या, बाकीच्या पुढच्या वर्षावर ठेवल्या.

प्रत्येक सेवेचा थेट खर्च, कार्यालयीन खर्चातला वाटा आणि यंत्रसामग्रीची झीज वेगवेगळी दाखवावी. वाटा कुठल्या आधाराने काढला, म्हणजे माणसांच्या संख्येने, फाईलच्या संख्येने की वेळेने, हे लिहून द्यावं. बांधकाम परवाना किंवा खाताबदलासाठी एका फाईलवर कारकून, अभियंता आणि मुख्याधिकारी यांचा किती वेळ जातो, ते निदान वीस फाईली पाहून मोजावं.

पाण्याच्या बाबतीत गळती आणि बेहिशेबी जोडण्या वेगळ्या दाखवाव्यात. हा मुद्दा आम्ही आग्रहाने घातला. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ साली सेवा-पातळीचे मापदंड दिले. त्यात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी, बिनमहसुली पाणी (गळतीमुळे किंवा बेहिशेबी जोडण्यांमुळे ज्याचे पैसे येत नाहीत ते) २० टक्क्यांपर्यंत, खर्चाची वसुली १०० टक्के आणि बिलांची वसुली ९० टक्के, ही उद्दिष्टं आहेत. सल्लागार हटकून १०० टक्के खर्चवसुलीवर बोट ठेवतात आणि २० टक्के गळतीच्या आकड्यावरून पुढे सरकतात. निम्मं पाणी वाटेत जात असेल, तर त्याचा खर्च नियमाने बिल भरणाऱ्याच्या माथी मारणं अन्याय आहे. म्हणून दोन आकडे मागा: आजच्या गळतीसकट खर्च, आणि गळती आटोक्यात आली तर खर्च.

दराचे तीन पर्याय मागा. शिफारस एकच नको. प्रत्येक पर्यायात चार घरांचं बिल करून दाखवावं: एका खोलीतलं कुटुंब, मध्यम घर, लॉज, आणि छोटा हॉटेलवाला. टक्क्यांनी लोकांना काही कळत नाही, महिन्याच्या बिलाने कळतं.

हिशेबाची एक्सेल फाईल सूत्रांसकट पालिकेच्या मालकीची असेल, हे लिहाच. पहिल्या वेळी आम्हाला छापील अहवाल आणि पीडीएफ मिळाली. पुढच्या वर्षी विजेचा दर बदलला आणि एकही आकडा पुन्हा काढता आला नाही.

भाषा: अहवाल कन्नडमध्ये, आणि वीस पानांच्या आतला सारांश कन्नड व मराठी दोन्हींत. हे तेव्हाच लिहून घेतलं तर अनुवादाचा खर्च बोलीत येतो. नंतर मागितलं तर कुणी करून देत नाही.

५. ठराव, निधी आणि टेंडरचा मार्ग

सभेपुढे विषय आणताना टीओआर जोडूनच आणा. नडावळीत अंदाजित रक्कम, कुठल्या लेखाशीर्षातून, आणि मुदत एवढं आलं पाहिजे. नडावळी कायम होण्याआधी वाचा. सभागृहात बोललेलं आणि तिथे लिहिलेलं एकच आहे ना, ते पाहा. रकमेनुसार तांत्रिक किंवा प्रशासकीय मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नगराभिवृद्धी कोशातून किंवा बंगळूरच्या पौराडळित निर्देशनालयातून, म्हणजे राज्याच्या नगरपालिका संचालनालयातून, लागते.

सल्लागाराची सेवा घेणं हीसुद्धा सार्वजनिक खरेदीच. तिला १९९९ चा केटीपीपी कायदा, म्हणजे कर्नाटकाचा सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा कायदा, आणि त्याचे २००० चे नियम लागू होतात. टेंडर केपीपीपी या राज्याच्या खरेदी पोर्टलवर निघतं. लहान रकमेला टेंडरमधून सूट आहे. ती मर्यादा चालू परिपत्रकात पाहून घ्या आणि मगच अंदाजपत्रक करा. इथे दोन सापळे आहेत.

एक, मर्यादेच्या आत बसावं म्हणून कामाचे तुकडे पाडणं: पाण्याचा अभ्यास वेगळा, कचऱ्याचा वेगळा, परवान्यांचा वेगळा, आणि तिन्ही एकाच फर्मला. लेखापरीक्षणात हे उघडं पडतं आणि वसुली निघते ती सही करणाऱ्यांवर.

दोन, "अमुक फर्मला कलम ४(जी) खाली थेट द्या, लवकर होईल" असा सल्ला. ती सूट सरकारने त्या खरेदीपुरती अधिसूचित करावी लागते. पालिकेच्या ठरावाने ती मिळत नाही.

काळाचंही भान ठेवा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, अंदाजपत्रकाची तयारी जानेवारीपासून. नवे दर त्यात यायला हवे असतील तर अहवाल नोव्हेंबरअखेर हाती पाहिजे, म्हणजे टेंडर जूनमध्ये. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की जिल्ह्यातले अधिकारी त्या बंदोबस्तात आणि उत्तरं तयार करण्यात गुंतलेले असतात. त्या दिवसांत कुठलीही मंजुरी धरून चालू नका.

६. निवड

दोन लिफाफ्यांची पद्धत ठेवा: तांत्रिक आधी, दराचा नंतर. फक्त कमीत कमी दरावर सल्लागार निवडणं धोक्याचं आहे. असा माणूस मागच्या गावाचा अहवाल नाव बदलून देतो. गुणवत्ता आणि दर दोन्हींना वजन द्या, पण ते वजन टेंडरच्या कागदात आधीच छापा. का, ते या उदाहरणात दिसेल.

समजा 'अ' ला तांत्रिक गुण ८५ आणि त्याचा दर ६ लाख. 'ब' ला तांत्रिक गुण ७५ आणि दर साडेचार लाख. दराचे गुण काढायची रीत अशी: सर्वात कमी दर भागिले त्याचा दर, गुणिले १००. म्हणजे 'ब' ला १००, 'अ' ला ७५.

गुणवत्तेला ७० आणि दराला ३० वजन दिलं तर 'अ' ला ५९.५ अधिक २२.५, म्हणजे ८२. 'ब' ला ५२.५ अधिक ३०, म्हणजे ८२.५. काम 'ब' ला. वजन ८० आणि २० ठेवलं तर 'अ' ला ८३, 'ब' ला ८०. काम 'अ' ला. लिफाफे उघडल्यावर वजन ठरवलं तर काम कुणाला द्यायचं तेच ठरवल्यासारखं होतं. नाराज बोलीदाराला केटीपीपी कायद्याच्या कलम १६ खाली तीस दिवसांत अपील करता येतं, हेही लक्षात असू द्या.

तांत्रिक गुण देताना मी तीन गोष्टी पाहतो. कर्नाटकातल्या नगरपालिकेत असं काम केलंय का? टीममध्ये कॉस्ट अकाउंटंट किंवा सीए, पाणीपुरवठ्याचा अनुभवी अभियंता आणि नगरपालिका कायदा जाणणारा माणूस आहे का, आणि तेच लोक इथे येणार आहेत का? गल्लीत फिरून माहिती घेणाऱ्यांना कन्नड आणि मराठी दोन्ही येतं का? सादरीकरणाला भारी माणूस येतो आणि कामाला नवशिका पोरगा, हे टाळायला महत्त्वाच्या माणसांची नावं करारात घाला.

ज्या फर्मचं पाण्याचं मीटर विकण्याशी, बिलिंग सॉफ्टवेअरशी किंवा वसुलीच्या ठेक्याशी नातं आहे, तिला दूर ठेवा. तसं लेखी घोषणापत्र घ्या. "वाढलेल्या उत्पन्नाच्या इतके टक्के फी" ही मागणी आली तर सरळ नाकारा. अशा सल्लागाराला दर वाढवण्यातच फायदा असतो.

७. करार आणि हप्ते

पैसे कामाच्या टप्प्यांना बांधा. आम्ही असे बांधले: सुरुवातीचा आराखडा, माहितीची पडताळणी, सेवानिहाय खर्चाचा मसुदा, पर्यायांसह अंतिम अहवाल, आणि हरकतींच्या सुनावणीनंतरची दुरुस्ती. शेवटच्या टप्प्यासाठी चांगली रक्कम राखून ठेवा, नाहीतर हरकती आल्यावर सल्लागार फोन उचलत नाही. जीएसटीचा विचार दर मागवतानाच करा. पालिकेच्या घटनादत्त कामांशी निगडित निव्वळ सेवांना सूट आहे. हे काम त्यात बसतं का, याबद्दल आपल्या सीएचं लेखी मत फाईलला लावा. बिलातून टीडीएस कापायला विसरू नका.

८. काम चालू असताना

दर पंधरा दिवसांनी स्थायी समितीपुढे अर्धा तास. अहवाल पूर्ण झाल्यावर पाहू, असं म्हणू नका. आमच्याकडे मधल्याच एका बैठकीत सेप्टिक टाकी उपसणाऱ्या गाडीचा हिशेब पुढे आला आणि सगळ्यांचे डोळे उघडले. आकडे बदलून, पण हिशेबाची रीत तीच ठेवून सांगतो.

समजा गाडी २४ लाखांची, आयुष्य १० वर्षं. झीज वर्षाला २ लाख ४० हजार. चालक आणि मदतनिसाचा पगार ४ लाख ८० हजार, कार्यालयीन वाटा ६० हजार. गाडी जागेवर उभी राहिली तरी ७ लाख ८० हजार खर्च ठरलेला. डिझेल आणि किरकोळ दुरुस्ती दर फेरीला ४००. वर्षात ६०० फेऱ्या झाल्या तर फेरीचा खर्च १,३०० अधिक ४००, म्हणजे १,७०० रुपये. फेऱ्या ३०० च झाल्या तर २,६०० अधिक ४००, म्हणजे ३,०००. आमच्या गाडीच्या फेऱ्या कमी होत्या, कारण फोन केला की "चार दिवसांनी या" असं सांगितलं जायचं आणि लोक खासगी गाडी बोलवायचे. सल्लागाराच्या मसुद्यात शिफारस होती फी वाढवण्याची. करायला हवं होतं ते गाडी वेळेवर पाठवण्याचं काम. फी वाढवली असती तर उरलेल्या फेऱ्याही खासगी गाडीकडे गेल्या असत्या. म्हणून प्रत्येक सेवेला विचारा: खर्च जास्त आहे, की काम कमी होतंय?

तुलनेबद्दल एक सावधगिरी. आपल्या भागात लगेच गडहिंग्लज, कागल, चंदगडचं उदाहरण निघतं. पाहुणे तिकडे, दवाखाना तिकडे, त्यामुळे तिथली पाणीपट्टी सगळ्यांना तोंडपाठ. पण तिथे महाराष्ट्राचा १९६५ चा नगरपरिषद कायदा, अनुदानाची रीत वेगळी, विजेची कंपनी वेगळी. सेवा कशी चालवतात ते पाहायला जरूर जा, आम्हीही गेलो होतो आणि शिकलो. दर मात्र तिथून उचलू नका. तुलना करायची तर कर्नाटकातल्या, सारख्या लोकसंख्येच्या आणि पाण्याचा स्रोत सारखा असलेल्या गावांशी.

९. लोकांपुढे जाणं

ही पायरी बरेचजण नोटीस बोर्डावर कागद लावून उरकतात. दर लागू करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करणं, हरकतींसाठी मुदत देणं आणि आलेल्या हरकतींवर लेखी विचार करणं, हे सगळं नीट झालं नाही तर ठराव पुढे अडतो. जिल्हाधिकारी ठराव स्थगित करू शकतात.

आम्ही वॉर्डवार बैठका घेतल्या. पहिल्याच गल्लीत एक मावशी उभ्या राहिल्या: "अण्णा, पाणी आठ दिसातनं एकदा सोडायलाय, आणि पट्टी वाढवायलाय व्हय?" त्यांना उत्तर द्यायला आमच्याकडे त्या दिवशी काही नव्हतं. नंतर आम्ही ठरावातच घातलं की आधी पाणी चार दिवसांआड येईल, ते तीन महिने टिकलं की पहिली वाढ लागू होईल. ही अट सल्लागाराच्या तिन्ही पर्यायांत नव्हती.

मराठीतला सारांश इथे उपयोगी येतो. तो छापून दुकानांत, तालमीत, महिला मंडळांत द्या. मराठीत लिहिलेली हरकत घेणार नाही, असं काउंटरवर सांगितलं गेलं तर शांतपणे घटनेचं कलम ३५० दाखवा. गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पोच घ्या, त्यावर शिक्का आणि तारीख बघा. सोबत दोन ओळींचा कन्नड गोषवारा जोडला तर कारकुनाचंही काम सोपं होतं, आणि हरकत वेळेत वाचली जाते.

व्यापाऱ्यांची बैठक वेगळी घ्या. त्यांचे प्रश्न नेमके असतात: परवाना नूतनीकरणाला किती खेपा, ऑनलाइन का होत नाही. घनकचरा शुल्काचा आधार विचारला तर घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थेला वापर शुल्क ठरवून घ्यायला सांगितलं, हे स्पष्ट सांगा. त्याच वेळी घंटागाडी रोज येते का, याचंही उत्तर तयार ठेवा.

गरिबांना सूट द्यायची असेल तर उघडपणे द्या. किती कुटुंबांना, किती रुपयांची, आणि ती रक्कम कुठून भरून काढणार, हे ठरावात लिहा. वसुली सोडून देऊन दिलेली छुपी सूट बहुतेक वेळा ओळख असणाऱ्यालाच मिळते.

१०. मंजुरी आणि पहिले सहा महिने

अंतिम ठरावाला जोडायचे कागद: सल्लागाराचा अहवाल, सेवानिहाय खर्चाचा तक्ता, हरकतींची यादी आणि प्रत्येकीवरचा निर्णय, निवडलेला पर्याय, लागू होण्याची तारीख. बायलॉ बदलावा लागत असेल तर वरची मंजुरी आणि राजपत्रातली प्रसिद्धी झाल्याशिवाय नवीन दराने एकही पावती फाडू देऊ नका. आधी घेतलेले पैसे परत करताना होणारा त्रास मी जवळून पाहिला आहे.

बिलिंगच्या संगणकात नवे दर भरले की पहिल्या महिन्यात पन्नास बिलं हाताने तपासा. व्यापारी जोडणीला घरगुती दर लागलेला, जुनी थकबाकी दोनदा आलेली, असल्या चुका तिथेच सापडतात. एक्सेलची फाईल अकाउंटंट आणि अभियंता दोघांच्या संगणकावर ठेवा, आणि सल्लागाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्यासमोर त्यांनाच विजेचा दर बदलून नवा खर्च काढायला लावा. तो त्यांना काढता आला की मगच बिलावर सही करा.